शहराचा नळ

पाणीसरांचं लग्न एका डागामुळे झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस लाँड्रीवालीच्या तावडीत सापडलाच कसा!

तेव्हा ते पाणीसर झालेले नव्हते. टेकडीवरच्या सरकारी विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या विभागात नुकतेच चिकटलेले कोवळे मास्तर होते. कॉलर मोठी आणि मान बारीक. प्रयोगशाळेतला पांढरा कोट धुवायला ते टेकडी उतरून खाली शहरात एका लाँड्रीत टाकायचे. काउंटरवर मालकाची मुलगी बसायची. एकदा कोटावर निळा डाग आला. पुढच्या खेपेला जांभळा. त्याच्या पुढच्या खेपेला हिरवागार, आणि तोही पाठीवर, बरोबर मधोमध. आत इस्त्री फिरवणारी मुलीची आई तिथूनच म्हणाली, "पाठीवर डाग? हे काय फळ्याला पाठ टेकून शिकवतात वाटतं!" मुलगी फिसकन हसली. मास्तर कानापर्यंत लाल झाले. तो हिरवा डाग मात्र भलताच चिवट निघाला. "अजून गेला नाही, परवा या" असं म्हणत मुलीनं त्यांना चांगले हेलपाटे घालायला लावले. शेवटी एकदाचा कोट हातात पडला. पुढच्या आठवड्यात मास्तर आले ते धुतल्यासारखा स्वच्छ कोट घेऊन.

"ह्यात धुवायचं काय?" मुलीनं विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "शाई संपली. आता सरळ विचारायलाच आलोय."

झालं. लग्न लागलं, वर्षं गेली, मान जाड झाली आणि कॉलर आखूड पडायला लागली. सासरे गेल्यावर लाँड्री मुलीनं हातात घेतली. धुण्याची मोठी मशिनं आणली, दोन बायका कामाला ठेवल्या आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम मिळवलं. लाँड्रीचा गाडा त्या चादरींवरच चालायचा. लोकांचे शर्ट-पँट म्हणजे वरखर्च. सारी गल्ली तिला ताई म्हणायची, म्हणून आपणही ताईच म्हणू. सर तेवढे 'अगं' म्हणायचे. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड होतं. तिथे ताई, सर आणि सरांच्या सासूबाई. सासूबाईंची इस्त्री सुटली होती, पण चटके देणं सुटलं नव्हतं.

सरांनी तिकडे वर टेकडीवर नाव काढलं ते पाण्यात. 'शहराच्या पाण्याचा रासायनिक अभ्यास' हा त्यांचा विषय. डॉक्टरेट त्यावर, निबंध त्यावर, परदेशातल्या परिषदेतलं भाषण त्यावर. विद्यार्थ्यांनी पाणीसर नाव ठेवलं ते काही उगाच नाही. आणि सगळं काम कसं, तर बसल्या जागी. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला दोन नळ होते. एकावर पाटी 'शुद्ध', दुसऱ्यावर पाटी 'शहर'. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, जुन्या काळची, न उडणारी. शुद्ध पाणी लागलं की हा सोडायचा, शहराचं लागलं की तो. सरांच्या गुरूंनी तेच केलं, सरांनी तेच केलं, सरांच्या हाताखाली डॉक्टर झालेल्या पोरापोरींनीही तेच केलं. शहर इतकं हाताशी असताना टेकडी उतरायची कुणाला हौस!

ह्यातली गंमत सासूबाईंना तेवढी दिसायची. सरांचे बनियन पिवळट असायचे. ताई धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, तरी पिवळट ते पिवळटच. अंगात असलं बनियन घालून सर वर शहराच्या पाण्यावर तास घ्यायचे. सासूबाई दोरीवरचं बनियन काठीनं पुढे सरकवत म्हणायच्या, "जावईबापूंचा विषय वाळत घातलाय बघा."

ताईंनी एकदा, फार वर्षांपूर्वी, सरळ विचारलंही होतं.

"अहो, पांढरे कपडे पिवळे पडतात हो. तुम्ही एवढे पाण्यातले, जरा बघा ना."

सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, ते घरगुती झालं. आमचं संशोधन वेगळं असतं."

ताईंनी पुन्हा विचारलं नाही. बायका एखादी गोष्ट पुन्हा विचारत नाहीत, तेव्हा ती विसरलेल्या असतात असं समजणारे नवरे जगात पुष्कळ आहेत. सर त्यांचे विभागप्रमुख शोभले असते.

मग विद्यापीठात नव्या कुलगुरू आल्या. बाई बुटक्या, चाल झपाझप, आणि पहिल्याच दिवशी विद्यापीठाभोवती पायी चक्कर मारून आल्या. मग सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

"मी आत्ताच एक गोष्ट पाहिली," त्या म्हणाल्या. "आपल्या मुख्य इमारतीची पाठ शहराकडे आहे. तोंड हमरस्त्याकडे. शहराला आपण काय दाखवतो, तर संडासाचे पाइप."

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"इमारत फिरवता येत नाही. माणसं फिरवता येतात. ह्या सत्रात प्रत्येक विभागानं शहरातल्या एका माणसाचा एक प्रश्न घ्यायचा. आणि प्रश्न सुटला की नाही, हे सोडवणाऱ्यानं सांगायचं नाही. ज्यानं विचारला तो सांगेल. तो 'झालं' म्हणेपर्यंत झालं नाही."

हे म्हणजे परीक्षेचे गुण पोरांनी मास्तरांना देण्यासारखं झालं! विभागाविभागात कुजबुज सुरू झाली. इतिहासवाले म्हणाले, "आम्ही काय सोडवायचं? आमच्याकडे येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं." तत्त्वज्ञानवाले म्हणाले, "प्रश्न सुटणं म्हणजे काय, ह्यावर आधी चर्चासत्र घेऊ." आणि रसायनच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे गोड बोलून दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं टाकण्यात ज्यांचा हात कुणी धरला नसता अशा गृहस्थांनी, सरांच्या पाठीवर थाप मारली.

"पाणीसर, शहर म्हणजे तुमचाच प्रांत. आणा बघू एखादा झकास प्रश्न!"

सर प्रश्न शोधायला निघाले. आयुष्यात पहिल्यांदा ते शहरात असे हिंडले की, ना काही विकत घ्यायचं होतं, ना काही धुवायला टाकायचं. आधी शिरले न्हाव्याच्या दुकानात.

"तुला पाण्याबद्दल काही अडचण?"

"पाण्याची नाही सर, पण मेव्हण्याची आहे. सांगू?"

"नको. रासायनिक काही?"

"आहे ना. हे केस का गळतात?"

सरांनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि बाहेर पडले. बेकरीवाल्यानं विचारलं, पाव फुगत नाही तो पाण्यामुळे की नव्या कामगारामुळे. सर म्हणाले, दोन्ही असू शकेल. बेकरीवाला म्हणाला, हे तर मलाही माहीत होतं. चपला शिवणारा म्हणाला, "सर, प्रश्न विचारला तर उत्तर देणार ना? मागे तुमच्यातले एकजण आले होते. मला दीडशे प्रश्न विचारले, माझा एक ऐकला नाही आणि गेले."

दमूनभागून सर घरी आले. सासूबाई खिडकीत बसून गल्लीवर नजर ठेवून होत्या.

"मिळाला का प्रश्न, जावईबापू?"

"नाही हो. शहराला प्रश्नच नाहीत असं दिसतंय."

"असतील कसे! सगळे आपल्याच घरात राहायला आलेत ना."

सरांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. ते जिना उतरून खाली लाँड्रीत गेले. काउंटरपुढे गाठोडी घेऊन माणसं उभी होती. सर सवयीनं बाजूनं आत शिरायला लागले.

"अहो, रांग आहे," ताई म्हणाल्या.

"अगं, मी आहे."

"दिसतंय. रांगही दिसतेय ना?"

सर रांगेत उभे राहिले. पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, "काय सर, बनियन टाकायला आलात?" ताईंनी मुद्दाम सावकाश एकेक कपडा उलगडून पाहत सगळी गिऱ्हाइकं उरकली. सरांची पाळी आली.

"बोला."

"ते... पांढरे कपडे पिवळे पडतात म्हणाली होतीस."

"ते घरगुती होतं ना?"

"अगं, आता नियम बदललाय."

ताईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग काउंटरची फळी उचलून त्यांना आत घेतलं आणि दवाखान्याच्या चादरींची थप्पी दाखवली. ताज्या धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या, आणि रंग असा, जणू चहाच्या वाफेवर धरल्यात. दवाखान्याच्या मेट्रनबाई येऊन गेल्या होत्या. रोग्याला ह्या चादरीवर झोपवलं तर तो म्हणतो, आधीच कुणीतरी झोपून गेलंय. सत्र संपेपर्यंत चादरी पांढऱ्या दिसल्या नाहीत तर काम बाहेरच्या मोठ्या कारखान्याला जाणार. आणि ते काम गेलं की मशिनं विकायची, दोन्ही बायकांना घरी पाठवायचं आणि सासूबाईंच्या जुन्या कोळशाच्या इस्त्रीवर येऊन बसायचं.

"हा माझा प्रश्न," ताई म्हणाल्या. "आणि झालं कधी, ते मी सांगणार. बरोबर?"

"बरोबर," सर म्हणाले. 

सर कामाला लागले ते अगदी झोकून देऊन. चादरी टेकडीवर नेल्या. पोरांना हाताशी घेतलं. 'शहर' पाटीच्या नळाचं पाणी बादल्या भरभरून काढलं, तपासलं, त्यात चादरी धुतल्या. आणि काय सांगावं! प्रत्येक धुण्याला चादर आदल्या वेळेपेक्षा उजळ. शेवटी तर अशी पांढरी निघाली की पोरांनी ती खिडकीला पडदा म्हणून लावून पाहिली. पाण्यात दोष नाही, हे उघड होतं. मग दोष कशात? उरलं काय, तर धुणं. सरांनी घरी येऊन शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं, "अगं, सोडा थोडा कमी पडतोय आणि ब्लीच अगदीच कमी. ब्लीच वाढव."

"आम्ही दोन पिढ्या धुतोय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, राहू दे," ताई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. करून बघू."

ब्लीच वाढवलं. चादरी मशिनमधून निघाल्या त्या पिवळ्या नाही, चक्क तांबूस. कामाच्या बायकांनी एक चादर दोन टोकांना धरून वर केली आणि ताईंसकट तिघीही गप्प उभ्या राहिल्या. एरवी ह्या तिघी एकत्र आल्या की मशिनचा आवाज ऐकू यायचा नाही.

तेवढ्यात दुसरा घोळ झाला. काम शहराला कळवायला हवं म्हणून विभागप्रमुख शहराच्या रेडिओवर जाऊन बोलले. "आमच्या विभागानं शहराचं पाणी तपासलं आहे. पाण्यात कसलाही दोष नाही. धुणाऱ्यांनीच जरा लक्ष द्यावं." न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू होता, बेकरीत चालू होता, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तर मोठ्यानं चालू होता. धुणाऱ्या म्हणजे कोण, हे सांगायची गरज शहराला नव्हती. विद्यापीठ म्हणतंय म्हटल्यावर मेट्रनबाईंनी निरोप धाडला, आता सत्राच्या शेवटपर्यंत थांबण्यातही अर्थ दिसत नाही. तरी जाहीर सभा होऊ दे, मग काय ते ठरवू.

सभा म्हणजे कुलगुरूंचाच घाट. सत्र संपताना सगळ्या विभागांनी टेकडी उतरून शहराच्या नाट्यगृहात यायचं आणि काय केलं ते लोकांपुढे सांगायचं.

त्या दिवसांत वरच्या मजल्यावर जी शांतता होती, तिचा पृथक्करणात्मक अभ्यास करायला सरांना चांगला वाव होता. ताई भांडल्या नाहीत. चहा वेळेवर मिळायचा. फक्त कपबशी टेबलावर ठेवताना आवाज यायचा नाही. लग्न झालेल्या माणसाला मी काय म्हणतो ते कळेल. भांड्यांचा आवाज आहे तोवर आशा आहे. सासूबाईंनीसुद्धा टोमणे बंद केले, तेव्हा मात्र सर खरोखर घाबरले.

आणि मग शहराची मोठी पाइपलाइन फुटली. दुरुस्तीला अख्खा दिवस लागणार होता. सकाळपासून नळ कोरडे. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसवून ठेवलं, बेकरीची भट्टी थंड, लाँड्रीला टाळं. सरांना वाटलं, चला, निदान एवढं तरी करू. दुपारी त्यांनी विभागातून दोन मोठे कॅन उचलले, 'शहर' पाटीच्या नळाखाली धरून काठोकाठ भरले आणि दोन हातांत दोन कॅन घेऊन टेकडी उतरायला लागले. बायकोसाठी पाणी वाहून नेताना त्यांना आतून फार बरं वाटत होतं. हात तुटायला आले होते, पण बरं वाटत होतं.

न्हाव्यानं त्यांना पाहिलं आणि कात्रीसकट बाहेर आला.

"सर! पाणी? कुठून आणलंत?"

"विद्यापीठातून."

"तुमच्याकडे येतंय?"

"येतंय की. शहराच्या नळाला धो-धो येतंय."

"शहराच्या?" न्हावी म्हणाला. "सर, शहराच्या नळाला सकाळपासून थेंब नाही. सगळं शहर बोंबलतंय."

"अरे, तुमच्या शहराच्या नळाला नसेल. आमच्या शहराच्या नळाला..."

वाक्य तिथेच अडकलं. सरांनी एक कॅन खाली ठेवला. मग दुसरा. मग स्वतःही न्हाव्याच्या पायरीवर बसले. आतलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक मान लांब करून म्हणालं, "चक्कर आली का हो त्यांना?"

"चक्कर नाही," सर म्हणाले. "शहर सापडलं."

पुढचं फार वेळ लागण्यासारखं नव्हतं. विद्यापीठाचा प्लंबर बोलावला. तो म्हणाला, "ही लाइन? शहराकडून येणारी केव्हाच तोडली सर. विद्यापीठानं टेकडीच्या मागच्या अंगाच्या झऱ्यावर स्वतःचा पंप बसवला ना, तेव्हाच. तुम्ही नोकरीला लागायच्याही आधी."

"अरे, मग पाटी?"

"पाटी रसायनवाल्यांची. आमच्याकडे फक्त पाइप. पाटीला आम्ही हात लावत नाही, मागे एकदा ओरडा खाल्लाय."

म्हणजे गुरूंपासून शिष्यापर्यंत सगळ्यांनी ज्याला शहर म्हणून तपासलं, उकळलं, गाळलं आणि परदेशात नेऊन मिरवलं, तो त्यांच्याच टेकडीचा झरा होता. विद्यापीठ इतकी वर्षं आरशात बघत होतं आणि शहराची तब्येत ठणठणीत आहे म्हणून सांगत होतं.

पाइपलाइन दुरुस्त झाल्यावर सरांनी घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून टेकडीवर नेलं आणि तपासलं. दिसायला काचेसारखं, आणि आत लोखंड मावेना. शहराचं पाणी खोल बोअरचं. नळातून येताना त्यातलं लोखंड मुकाट विरघळलेलं असतं. हवा लागली की हळूहळू गंजाचा रंग धरतं, आणि वरून ब्लीच पडलं की एकदम जागं होऊन कापडाच्या धाग्यात जाऊन बसतं. ब्लीच वाढवायचा सल्ला म्हणजे आगीत तेल ओतण्याचा सल्ला होता. सरांनी शर्टाचं वरचं बटण काढून आत डोकावून पाहिलं. उत्तर रोज छातीशी बाळगून ते प्रश्न शोधत फिरले होते.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज अगदी लोण्यासारखा केला.

"पाणीसर, झालं ते झालं. पाटी गुपचूप बदलू. लाँड्रीचं काय ते तुम्ही घरच्या घरी सुधारा. सभेत मात्र दुसरंच काहीतरी बोला. किती जणांच्या पदव्या ह्या नळावर उभ्या आहेत, विचार करा. माझीसुद्धा."

"आणि रेडिओवर तुम्ही जे बोललात ते?"

"लोक विसरतात हो."

"माझ्या घरी सासूबाई आहेत," सर म्हणाले. "तिथे विसरण्याची सोय नाही."

ते परत प्रयोगशाळेत गेले. पान्हा मागवला आणि 'शहर' लिहिलेली पाटी स्वतःच्या हातानं उतरवून पिशवीत टाकली.

नाट्यगृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत कुलगुरूबाई, त्यांच्याशेजारी मेट्रनबाई. मागे न्हावी, बेकरीवाला, चपला शिवणारा. मधल्या रांगेत सासूबाई, आणि त्यांच्या आडोशाला ताई. सर उभे राहिले. पिशवी पायाशी. इतकं सगळं ठरवून आले होते, पण माईक दिसला आणि जुनी सवय उसळली.

"प्रस्तुत अभ्यासात," सर म्हणाले, "नमुना-संकलनाच्या स्थानासंदर्भात काही मूलभूत पुनर्विचाराची आवश्यकता निर्माण झाली असून, तत्कालीन निष्कर्षांची व्याप्ती..."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं. ह्या भाषेत तर बुडालेलं जहाजसुद्धा तरंगल्यासारखं वाटतं.

"अहो जावईबापू!" मधल्या रांगेतून आवाज आला. "सरळ सांगा ना, नळ चुकला!"

नाट्यगृह खो-खो हसलं. सरही हसले. हसताना त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून पाटी काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

"नळ चुकला," ते म्हणाले. "ही पाटी ज्या नळावर होती, त्याला शहराचं पाणी येतच नव्हतं. आमच्याच झऱ्याचं येत होतं. आम्ही तेच तपासलं आणि तुम्हाला सांगितलं, तुमचं पाणी चांगलं आहे, धुणाऱ्या वाईट आहेत. मेट्रनबाई, धुणाऱ्या चांगल्या आहेत. पाण्यात लोखंड आहे. चादरी पिवळ्या पडल्या त्या पाण्यानं, आणि तांबड्या झाल्या त्या माझ्या सल्ल्यानं."

हसणं थांबलं. मग त्यांनी उपाय सांगितला. लाँड्रीच्या टाकीवर भोकं पाडलेले पत्रे एकाखाली एक लावायचे, पाणी त्यातून पावसासारखं पडू द्यायचं म्हणजे हवा लागून लोखंड आधीच बाहेर येतं, मग वाळूतून गाळायचं, आणि मगच मशिनात घ्यायचं. जुने डाग आंबट पावडरीच्या पाण्यानं निघतात. ब्लीच बंद. अवघड काहीच नव्हतं. मागेच विचारलं असतं तर मागेच झालं असतं, आणि विचारलंही होतं. हे शेवटचं वाक्य सर माईकपासून जरा दूर होऊन, मधल्या रांगेकडे बघत बोलले.

मेट्रनबाई उठल्या. "मला पत्रे-वाळू कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला चादर दाखवा."

ताईंनी आपल्या पिशवीतून चादरीची घडी काढली. वर टेकडीवर नाही, खालीच, लाँड्रीच्या मागे, सरांच्या विद्यार्थ्यांनी सभेआधीच दोन जुने पत्रे ठोकून गाळलेल्या पाण्यात धुतलेली. चादर उलगडली. मेट्रनबाईंनी ती दिव्याकडे धरली, उलटी केली, नाकाशी नेली, आणि म्हणाल्या, "काम तुमच्याकडेच राहील. पण रेडिओवर पुन्हा कुणाला पाठवू नका."

कुलगुरूबाई मात्र चादरीकडे बघतच नव्हत्या. त्या पाटीकडे बघत होत्या. मग मागे वळून, तिथे बसलेल्या सगळ्या विभागांना त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा नळ कुठला आहे?"

दुसऱ्या दिवशी टेकडीवर पळापळ झाली. कळलं ते असं: शेतीविभागाची 'परिसरातली माती' वसतिगृहामागच्या कुंड्यांतली निघाली. अर्थशास्त्राची 'सर्वसाधारण कुटुंबं' प्राध्यापकांच्या वसाहतीतलीच होती, कारण ती दार लवकर उघडतात. आणि भाषाविभागानं लोकांच्या बोलीचे म्हणून जे नमुने गोळा केले होते, त्यात एकच आवाज पुन्हा पुन्हा येत होता. तो त्यांच्याच शिपायाचा. त्याला आवाज बदलून बोलायचा छंद होता. पुढच्या सत्रापासून टेकडीवरची माणसं पिशव्या, बाटल्या आणि डबे घेऊन शहरात उतरायला लागली. आधी लोकांना वाटलं, वर खायचे वांधे झाले.

सरांना त्या वर्षी मिळायची होती ती बढती मिळाली नाही. नळावर उभ्या असलेल्या पदव्या काही कुणी काढून घेतल्या नाहीत, पण पुढच्या छपाईत 'शहर' खोडून 'टेकडी' लिहावं लागलं, आणि विभागप्रमुखांनी सरांशी बोलणं सोडलं. सर म्हणायचे, हा तर सगळ्या बढत्यांपेक्षा मोठा फायदा.

लाँड्रीमागे आता पक्की गाळणी आहे. ती 'शहर' लिहिलेली पाटी ताईंनी तिच्या नळावर ठोकून घेतली आहे, ह्या खेपेला खऱ्या नळावर. दर शनिवारी सर विद्यार्थ्यांना घेऊन तिथे येतात. पत्रे घासतात, वाळू बदलतात, पाणी तपासतात. बेकरीवाला, न्हावी, जो येईल तो आपली बाटली घेऊन उभा राहतो. रांगेत. आणि दर सत्राच्या शेवटी कुलगुरूंच्या कचेरीतून माणूस येतो आणि ताईंना विचारतो, "काय ताई, प्रश्न सुटला असं लिहू?"

ताई एक चादर उचलतात. शुभ्र. डोळे दिपतील अशी. ती खिडकीशी धरून बराच वेळ बघतात.

"अजून किंचित पिवळट वाटतेय," त्या म्हणतात. "नका लिहू एवढ्यात."

"हो, किंचित आहे खरी," सर गंभीरपणे म्हणतात आणि बाह्या सरसावून वाळू बदलायला जातात.

परवा तो माणूस गेल्यावर सासूबाईंनी लेकीला बाजूला घेतलं. "अगं, माझे डोळे गेलेत, पण इतके नाही. पांढरी आहे ती. किती दिवस खेळवणारेस त्यांना?"

ताईंनी चादरीची घडी घातली, कडा जुळवल्या, वरून हात फिरवला.

"आई, तो पाठीवरचा हिरवा डाग आठवतो?"

"न आठवायला काय झालं! चांगला चिवट होता."

"पहिल्याच धुण्याला गेला होता," ताई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.